पहिल्या लढाऊ विमानांचे रंग

थंडीच्या दिवसांत उजनी जलाशयाच्या उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांचे गुलाबी पंख दूरवरून ओळखूं येतात. उलट, त्याच कांठच्या रानांत ढेकळांआड बसलेला तितर पायाखालीं येईपर्यंत दिसत नाहीं. रंग ओळख पटवितो, आणि रंगच लपवितो. पहिल्या महायुद्धांत (१९१४-१९१८) विमानें रंगविणाऱ्यांपुढें हाच पेंच होता. तो त्यांनीं कसा सोडविला, हें आम्ही विद्यार्थ्यांस थोडक्यांत सांगूं इच्छितों.

त्या काळचें विमान बहुधा लांकडी सांगाड्याचें असे. त्यावर जवसाच्या वाखापासून विणलेलें लिनन कापड ताणून बसवीत व सेल्युलोजचें रोगण चढवीत. रोगण वाळतांना आकसे आणि कापड मृदंगाच्या पुडीसारखें ताठ होई. परंतु उन्हानें कापड लवकर जीर्ण होई. म्हणून इंग्रज कारागीर वरच्या बाजूच्या रोगणांत पिवळी माती व काजळी मिसळूं लागले. त्या तपकिरी-हिरवट रंगानें ऊन अडे, शिवाय उंचावरून पाहणाऱ्या शत्रूस विमान जमिनीच्या रंगांत मिसळून गेल्यासारखें भासे. खालचें कापड मात्र फिकेंच ठेवीत.

लपण्याची सोय झाली, पण ओळखीचें काय? १९१४ सालीं खंदकांतील शिपाई डोक्यावर येणाऱ्या कोणत्याही विमानावर गोळ्या झाडीत. मग तें आपलें असो वा परक्याचें. इंग्रजांनीं पंखांवर आपलें निशाण रंगविलें. तथापि दुरून त्यांतील क्रूसच तेवढा दिसे, आणि जर्मनांची खूण तर काळा क्रूस! तेव्हां त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीं फ्रेंचांची वर्तुळें उचललीं. फ्रेंचांच्या वर्तुळांत निळा रंग मध्यभागीं व तांबडा बाहेर असे. इंग्रजांनीं तांबडा आंत घेऊन निळा बाहेर ठेविला.

जर्मन वैमानिकांनीं निराळा मार्ग धरिला. १९१७ च्या आरंभीं मान्फ्रेड फोन रिख्टहोफेन यानें आपलें विमान तांबडें रंगविलें. त्याच्या पथकांतील सोबत्यांनींही तांबड्यास आपापल्या रंगाची जोड दिली. धाकटा भाऊ लोथार यानें पिवळा निवडला. यांत अभिमान होताच, पण गर्दीच्या झुंजींत आपला नायक कोठें आहे हें सोबत्यांस चटकन कळे, हा लाभही होता. पुढें त्याच्या दलास इंग्रज 'उडती सर्कस' म्हणूं लागले. या भडक रंगांबरोबरच कित्येक जर्मन विमानांवर बहुरंगी बहुकोनांचें छापील कापडही असे. तें मात्र लपण्यासाठीं. रिख्टहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजीं, पंचविसाव्या वर्षीं पडला.

त्याच वर्षीं मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर इंग्रजी दलांतून सॉपविथ डॉल्फिन विमान उडवीत होते. तेही त्या युद्धांतून परतले नाहींत. ३० जून १९१८ रोजीं त्यांस मृत्यु आला, आणि त्यांची कबर फ्रान्सांत हांगार येथें आहे. रंग तांबडा असो वा मातकट, दोन्ही बाजूंच्या आयांचे डोळे सारखेच ओले झाले, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तोच प्रश्न पुन्हां उभा राहिला. जपानी विमानांवर तांबडा गोळा असे. तेव्हां आपल्याच लोकांची चूक होऊं नये म्हणून इंग्रजी व हिंदी विमानांवरील वर्तुळांतून तांबडा रंग काढून टाकला आणि गडद व फिकट अशा दोन निळ्या छटा ठेविल्या. आज भारतीय वायुदलाच्या वर्तुळांत बाहेर केशरी, मग पांढरा व मध्यें हिरवा रंग असतो.

सारांश, शोभेचा रंग धन्याचें नांव गाजवितो, पण ओळखीचा रंग सोबत्याचा प्राण वांचवितो. यंदां जलाशयावर रोहित पहावयास जाल, तेव्हां कांठच्या ढेकळांतही जरा निरखून पहावें. तितरही तेथेंच असेल.