मधुमेह आणि पावलांची बधिरता

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन अपुरे पडले, किंवा शरीर त्यास दाद देईनासे झाले, म्हणजे साखर पेशींत न शिरता रक्तात साचते आणि कालांतराने सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जीर्ण करते. दृष्टिपटल, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे पोषण याच वाहिन्यांवर अवलंबून असल्यामुळे त्यांस मोठी हानी पोचते. मोठ्या रोहिण्याही सुटत नाहीत, आणि हृदयविकार व पक्षाघात यांचे भय वाढते.

परंतु सर्वांत अधिक उपेक्षा होते ती पावलांची. तेथील मज्जातंतू क्षीण झाले, की वहाणेचा घासणारा पट्टा, रुतलेला काटा, तापलेल्या फरशीचा चटका यांची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही. अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे जखम भरून येत नाही, चिघळते, आणि ज्या क्षताचा बंदोबस्त प्रारंभी सहज झाला असता, त्यापायी कोथ होऊन पाय कापण्याचा प्रसंग ओढवतो. दुखत नाही म्हणजे आजार नाही, हा आपल्याकडील दृढ समज येथे खरोखर घातक आहे. म्हणून मधुमेह्याने अनवाणी हिंडू नये, रोज तळवे व बोटांच्या बेचक्या निरखाव्यात. दृष्टी मंद असल्यास घरातील माणसाने हे काम निःसंकोच अंगावर घ्यावे.

साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवल्यास इन्सुलिनावलंबी रोग्यांच्या नेत्रांची, मूत्रपिंडांची व मज्जातंतूंची हानी पुष्कळ टळते, हे अमेरिका व कॅनडा येथील, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासाने सिद्ध केले. मूत्रपिंडाच्या बिघाडाची वर्दी मात्र लघवीतील अल्ब्युमिनच्या तपासणीतून, कोणतेही लक्षण जाणवण्यापूर्वीच मिळू शकते.