सुट्टी नेमकी कुणाची?

"हॉटेलात तीन खोल्या घेण्यापेक्षा आख्खं घरच घेऊ या ना! आईला मोकळं वाटेल, मुलांना अंगण मिळेल." हे वाक्य आमच्याकडे आलं तेव्हा मीही हौसेनं मान डोलावली. तुमच्याकडे आलं नसेल, तर येईल. म्हणून आधीच सांगून ठेवते, आख्खं घर म्हणजे आख्खं स्वयंपाकघरसुद्धा, बरं का!

नाताळच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो. सासूबाई, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि चार मुलं, अशी नऊ माणसं. कुडाळ स्टेशनावर उतरलं की मालवण सुमारे ३० कि.मी. घर गावाबाहेर, माडांच्या वाडीत. जुनं चिऱ्याचं घर, मालकांनी हौसेनं दुरुस्त केलेलं. मंगलोरी कौलं, पुढे पडवी, शेणानं सारवलेलं खळं. भर दुपारीही माजघरात कसं गार वाटायचं!

चिरा म्हणजे आपला जांभा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. तो ओल पितो आणि सोडतोही. पण वरून सिमेंटचा गिलावा थापला की ओल आतच कोंडते आणि भिंतीला पोपडे सुटतात. या मालकांनी जुना सिमेंटचा थर खरवडून चुन्याचा गिलावा करून घेतला होता. असं घर ठरवताना हे जरूर विचारा. नाही विचारलंत तरी गाद्यांच्या वासावरून कळेलच म्हणा! विहिरीचं पाणी गोडं आहे की मचूळ, पंप बंद पडला तर रहाट आहे का, हेही विचारा. आगाऊ रकमेची पावती मागायला लाजू नका.

मी हे सगळं विचारलं. स्वयंपाकघराचं मात्र, "भांडीकुंडी सगळी आहेत," एवढ्यावर समाधान मानलं. तिथं पाहते तो काय, एकाच बर्नरची शेगडी, दोन कढया, झाकण एकाही कढईला नाही, आणि चिमटा तर औषधालाही नाही! नऊ जणांचा चहा दोन हप्त्यांत झाला.

दुसऱ्या दिवशी सगळे सिंधुदुर्ग किल्ल्यावर निघाले. आमच्या पोळ्या व्हायच्या होत्या. "तुम्ही या मागून," असं सांगून मंडळी गेली. आम्ही दोघी जावा धक्क्यावर पोचलो तेव्हा त्यांचीच होडी परत येत होती. मुलं आनंदानं हात हलवत होती. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगू, माझ्याही.

संध्याकाळी शेजारच्या वाडीतल्या काकी डोकावल्या. मला पीठ मळताना पाहून म्हणाल्या, "गो बाय, तू कित्याक रांधतंस? सुट्टीक इलंस ना?" दोन्ही वेळचं जेवण त्या ताटाच्या हिशेबानं करून द्यायच्या. आमच्या घरात लगेच हिशेब सुरू झाला, "घरी करून खाल्लं तर स्वस्त पडतं." मी म्हटलं, "स्वस्त कुणाला?" पुढे कुणी बोललं नाही.

भीती सासूबाईंची होती. दोन सुना हाताशी असताना परक्या हातचं जेवण! त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आम्ही काशीला गेलो तेव्हा स्टोव्ह बरोबर होता. मला गंगा फारशी आठवतच नाही. धर्मशाळेतला तो कोपरा आठवतो, रॉकेलच्या वासाचा." मग यांच्याकडे वळून, "सांग त्या बाईला उद्यापासून."

तिसऱ्या दिवशी घावणे नि चटणी खाऊन पुन्हा सगळे होडीत. १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला. चहूकडे खारं पाणी, पण आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. "नावं बायकांनीच ठेवली असणार," सासूबाई म्हणाल्या. महाराजांच्या हातापायाचे ठसे जपलेत तिथं त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. कुणालाच घाई नव्हती, घरी कुकर लागायचा नव्हता. (पावसाळ्यात मात्र या होड्या बंद असतात. तेव्हा जाणार असाल तर किल्ला लांबूनच पाहावा लागेल.)

उरलेले दोन दिवस कसे गेले कळलंही नाही. मी पडवीत बसून एक आख्खी कादंबरी वाचली. लग्नानंतर पहिल्यांदाच!

येत्या वर्षी पुन्हा तेच घर घ्यायचं ठरलंय. काकींना आधी विचारायचं आणि मग मालकांना. कुकर आणि चिमटा मी घरून नेणार आहे, असू दे आपला अडीनडीला. जाऊबाई म्हणतात, तोही नको.