विश्लेषण : मालोजीराजांची लढाई १६०६ ची की १६२० ची? विकिपीडियावर ‘संदर्भ’ का आणि कसा द्यायचा?

छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत कामी आले. त्यांची गढी आजही इंदापूरची ओळख आहे. मात्र ही लढाई नेमकी कोणत्या वर्षी झाली, याबाबत पुस्तकांत एकवाक्यता नाही. कुठे १६०६ च्या सुमारास, तर कुठे १६२० च्या सुमारास असा उल्लेख सापडतो. मग मोबाइलवर कुणीही संपादन करू शकेल अशा मराठी विकिपीडियावर यातले कोणते वर्ष लिहायचे? दोन्ही लिहिता येतात, पण प्रत्येक वर्षापुढे ते कुठून घेतले याचा संदर्भ हवा. हा संदर्भ म्हणजे काय, तो का लागतो आणि कसा जोडायचा, याविषयी...

संदर्भ म्हणजे नेमके काय?

लेखातील वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात छोटा आकडा दिसतो. त्यावर बोट ठेवले की माहितीचा स्रोत उघडतो. पुस्तक असेल तर लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान. बातमी असेल तर वृत्तपत्र, मथळा आणि तारीख. ज्या विधानाला असा आधार नाही, तिथे एखादा संपादक ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावतो. ही खूण म्हणजे माहिती खोटी आहे असे नव्हे. ती पडताळता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. मात्र आधार मिळालाच नाही, तर ते वाक्य कुणीही काढून टाकू शकतो.

एवढा आग्रह कशासाठी?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यावर ९० हजारांहून अधिक लेख आहेत. ते लिहिणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत आणि अनेक जण टोपणनावाने लिहितात. छापील ज्ञानकोशात नोंदीखाली अभ्यासकाचे नाव असते, संपादक मंडळाची जबाबदारी असते. इथे ती सोय नाही. म्हणून विश्वास लिहिणाऱ्यावर नव्हे, तर त्याने दाखवलेल्या स्रोतावर ठेवायचा, हा विकिपीडियाचा मूळ नियम आहे. शिवाय इथली माहिती तिथेच थांबत नाही. शोधयंत्रे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी उत्तरे, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि व्हॉट्सॲपवरील संदेश यांत ती पुढे जाते. गावाच्या पानावर चुकलेले वर्ष मग दहा ठिकाणी उमटते.

गावांच्या पानांची अडचण काय?

राज्यातील अनेक गावांची पाने एकाच साच्यातून तयार झाली आहेत. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षके असतात. खाली मजकूर नसतो किंवा कोणत्याही गावाला लागू पडेल असे एखादे वाक्य असते. ही जागा भरण्यासाठी लागणारे साहित्य बहुतेक वेळा जवळच्या वाचनालयात, ग्रामपंचायतीत किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असते.

बारामती-इंदापूरसाठी कोणते स्रोत उपयोगी?

इतिहास व जुनी वस्ती : मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८ वा खंड पुणे जिल्ह्याचा आहे. तो १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. त्यातील आकडे त्या काळाचे म्हणूनच द्यावेत, आजचे म्हणून नव्हे.

लोकसंख्या : २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. वर्ष लिहिल्याशिवाय लोकसंख्येच्या आकड्याला अर्थ नाही.

मोरोपंत : पंडित कवी मोरोपंत (१७२९-१७९४) जन्माने पन्हाळ्याचे, पण त्यांची काव्यरचना बहरली ती बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. मराठी विश्वकोशातील नोंद हा इथे चांगला आरंभबिंदू आहे.

मयूरेश्वर अभयारण्य : बारामती तालुक्यातील सुपे येथील हे अभयारण्य चिंकारांसाठी प्रसिद्ध आहे. त्याचे क्षेत्रफळ सांगताना पर्यटन कंपनीच्या पानापेक्षा शासनाची अधिसूचना भरवशाची.

पळसदेव : उजनीचे पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि त्याच्या बातम्या येतात. मंदिर दिसू लागले, यासाठी बातमी पुरेशी आहे. ते कोणत्या शतकातले, यासाठी मात्र पुरातत्त्व किंवा मंदिर स्थापत्याच्या अभ्यासकाचे लेखन हवे.

काय चालत नाही?

फेसबुकवरची पोस्ट, फिरता संदेश, ‘गावातले जुने लोक सांगतात’ हे आधार ठरत नाहीत. आख्यायिका लिहिता येते, पण आख्यायिका म्हणूनच, आणि ती छापलेल्या पुस्तकाचा हवाला देऊन. गावात एखादा शिलालेख सापडला आणि तो स्वतः वाचला, तर त्याचे वाचन आधी संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध व्हावे लागते. विकिपीडिया ही नवे संशोधन मांडण्याची जागा नाही. पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरवणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. माहिती आपल्या शब्दांत लिहायची आणि श्रेय स्रोताला द्यायचे.

आणखी एक धोका आहे. बातमीदार विकिपीडियावरून वर्ष उचलतो आणि नंतर तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून लागते. फिरून भोपळे चौकात! म्हणून बातमीतील माहिती मुळात कुठून आली, हे पाहणे गरजेचे.

मोबाइलवरून कसा जोडायचा?

१. खाते उघडा. लेखातील पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी द्या आणि दृश्य संपादक निवडा.

२. ज्या वाक्याला आधार द्यायचा, त्याच्या पूर्णविरामानंतर कर्सर ठेवा.

३. अवतरणचिन्हासारख्या खुणेवर टिचकी द्या. संकेतस्थळाचा दुवा किंवा पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकल्यास तपशील आपोआप भरला जाऊ शकतो. तो तपासून घ्या. लेखकाचे नाव किंवा तारीख सुटलेली असू शकते. जुन्या पुस्तकांचा तपशील हाताने भरा.

४. बदलाच्या सारांशात ‘संदर्भ जोडला’ असे लिहून प्रकाशित करा. वाद असेल, तर वाक्य पुन्हा पुन्हा बदलण्याऐवजी लेखाच्या चर्चा पानावर मुद्दा मांडा.

दुवा बंद पडला तर?

ई-पेपरचे दुवे काही काळाने उघडत नाहीत किंवा वर्गणी मागतात. म्हणून केवळ दुवा न देता वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहावा. दुवा मेला तरी ग्रंथालयातील फाइलमध्ये बातमी सापडते. इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर संकेतस्थळाच्या पानाची प्रत जतन करून तिचा दुवाही देता येतो.

सुरुवात कुठून करावी?

जगभरातील ग्रंथपालांसाठी २०१६ पासून ‘वन लिब वन रेफ’ ही मोहीम चालते : प्रत्येक ग्रंथपालाने किमान एक संदर्भ जोडायचा. तिचे सूत्र कुणालाही लागू पडते. नवा लेख लिहिण्याची गरज नाही. आपल्या गावाचे पान उघडायचे, आधार नसलेले एक वाक्य निवडायचे आणि पुस्तकाचे पान क्रमांकासह नाव द्यायचे. मालोजीराजांच्या लढाईचा वाद त्याने लगेच मिटणार नाही. पण कोणते वर्ष कुणी आणि कशाच्या आधारे सांगितले, हे इंदापूरच्या विद्यार्थ्याला स्वतः तपासता येईल.