रानपिंगळ्याचा पत्ता
मेळघाटच्या सागाच्या रानात रानपिंगळा भरदिवसा फांदीवर बसलेला दिसतो. वीतभर उंचीचं हे घुबड. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. आता ते अमरावती जिल्ह्याचं भूषण झालंय. पण 1884 ते 1997, म्हणजे 113 वर्षं, ते विज्ञानाच्या लेखी बेपत्ता होतं. त्याची वाट चुकवली ती एका खोट्या कागदाने.

या पक्ष्याचं पहिलं वर्णन 1873 चं, ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचं. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेले तेच हे ह्यूम. एफ. आर. ब्लेविट यांनी नमुना मिळवला, म्हणून शास्त्रीय नावात 'ब्लेविटी' आलं. ह्यूम यांचं 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक मोठ्या प्रमाणात पत्रांवरच चाले. कुठे कलेक्टर, कुठे फौजेतला डॉक्टर, कुठे रेल्वेचा इंजिनिअर. जो तो आपल्या मुलखातली पाखरं कळवी.

शिमल्याच्या घरी ह्यूम यांच्या पंचवीसेक वर्षांच्या टिपणांचे गठ्ठे साठले होते. त्यांतून हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ व्हायचा होता. 1885 च्या सुमारास कळलं, की नोकराने त्यांतले बहुतेक कागद बाजारात रद्दीच्या भावाने विकलेत. ह्यूम यांचं मनच उडालं. पक्षी, घरटी, अंडी मिळून 82,000 च्या आसपास नमुने त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. हे वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे अकोल्या-अमरावतीच्या जुन्या वाड्यांतले माळे येतात, आणि पोटात कालवतं.

रानपिंगळ्याचे जगभरात अवघे सात नमुने होते. त्यांतल्या एकाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, गुजरात, 1914. खाली नाव कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचं. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना शंका आली. पेंढा भरण्याची ढब, शिवण, आतला कापूस, सगळं तपासल्यावर उलगडलं, की हा पक्षी खानदेशातले अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात मिळवलेला. कर्नलने तो चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी बांधली होती. ती नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सोबती बेन किंग खऱ्या जुन्या जागा धुंडाळत निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना पक्षी दिसला. मेळघाटातली नोंद त्यानंतरची.

म्हणून जुनी पत्रं डिजिटल करण्याचं काम मला रान राखण्याइतकंच मोलाचं वाटतं. डार्विनच्या पत्रव्यवहाराचा प्रकल्प 1974 मध्ये सुरू झाला. 15,000 हून अधिक पत्रं आणि 30 खंड व्हायला जवळपास पन्नास वर्षं लागली. त्यात कलकत्त्याचे एडवर्ड ब्लाइथ आहेत, आणि धारवाडकडे नोकरी केलेले वॉल्टर एलियट. एलियट यांनी पाठवलेल्या कबुतरांच्या कातड्यांबद्दल डार्विनने 1859 च्या ग्रंथात त्यांचे आभार मानले आहेत.

काम मात्र हळूहळू चालणारं. आधी गंजलेल्या टाचण्या काढायच्या, घड्या हलक्या हाताने उलगडायच्या, कसर झाडायची. कागद दाबायचा नाही. कॅमेरा वर, उजेड दोन्ही बाजूंनी, शेजारी रंगांची पट्टी. पाकीट, शिक्का आणि कोरी मागची बाजूसुद्धा टिपायची, कारण तारीख कधी कधी फक्त शिक्क्यावरच असते. टपालखर्च वाचवायला काही जण आडवं लिहून झालं की कागद फिरवून त्याच ओळींवर उभं लिहीत. असं पान लावायला दिवस जातो. संगणक हल्ली हस्ताक्षर बऱ्यापैकी वाचतो, पण प्रत्येक ओळ माणसाने मुळाशी ताडून पाहावीच लागते.

सगळ्यात अडतं ते गावांच्या नावांपाशी. 'स्ट्रे फेदर्स'चे अंक आता इंटरनेटवर कुणालाही उघडता येतात. 1910 चं अकोल्याचं आणि 1911 चं अमरावतीचं गॅझेटिअरही. पण 'एलिचपूर' लिहिलेलं अचलपूर आहे, 'चिकलदा' म्हणजे चिखलदरा आणि 'उमरावती' म्हणजे आपली अमरावती, हे दूरच्या वाचकाला कोण सांगणार? नाला कुठला, घाट कोणता, हे परतवाड्याच्या पोराला किंवा धारणीच्या कोरकू म्हाताऱ्याला विचारलं तर चटकन कळतं. साहेबाला ते पाखरू रानात नेऊन दाखवणाराही बहुधा अशाच कुणाचा पणजा होता. त्याचं नाव पत्रात क्वचितच सापडतं. सापडेल तिथे ते सूचीत लिहिणाऱ्याच्या नावाशेजारीच यायला हवं, त्याच आकाराच्या अक्षरांत.