कुलूप, आकडे आणि बोटं

मागच्या वेळी आम्ही मॉलिन्यूचा प्रश्न मांडला होता. जन्मांध माणूस हाताने चाचपून घन आणि गोल ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर नुसतं बघून ओळखेल का? जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत हा प्रश्न घेतला. व्याख्यान संपल्यावर एकाने विचारलं, "सर, लॉक समजला. पण अंध मुलाच्या लॉकरला कुठलं लॉक लावायचं?" हशा झाला. पण प्रश्न खरा आहे, म्हणून आज तोच घेऊ.

आम्ही शिकवत होतो तिथल्या वसतिगृहात एका वर्षी सगळ्या कपाटांना आकड्यांची कुलपं आली. आमच्या वर्गातल्या एका पूर्ण अंध विद्यार्थ्याने आपला नंबर खोलीतल्या मित्राला सांगितला. तो गावी गेला की दुसऱ्याला. दिवाळीपर्यंत नंबर चौघांना ठाऊक झाला, आणि एक दिवस पैसे गेले. तो म्हणाला, "सर, पैशांचं जाऊ द्या, पण आता मला चौघांवर संशय घ्यावा लागतोय." आम्ही त्या वर्षी नीतिशास्त्रच शिकवत होतो, आणि कपाटाचा विचार आम्हाला शिवलाही नव्हता.

आता कुलपाकडे बघू. सुटकेसला असतं तसल्या कुलपात दर चाकावर दहा आकडे असतात आणि चाक फिरताना खट् खट् असं बोटाला लागतं. उघडं असताना चाकं किती घरं पुढे सरकवली हे लक्षात ठेवलं, की तेवढीच मागे घेऊन अंध माणूस ते उघडतो. पण मधे कुणी गंमत म्हणून एक चाक फिरवलं, की सगळी मोजणी गेली. गोल तबकडीचं कुलूप त्याहून वाईट. तिथे बारीक रेघेसमोर आकडा आणायचा, आणि हाताला काहीच कळत नाही. अधू दृष्टीच्या मुलालाही, आकडे ठळक आणि पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगाचे नसतील, तर तीच अडचण. (मोतीबिंदूच्या दिवसांत आम्हीही हे भोगलंय.) काचेच्या सपाट पडद्याच्या कुलपाला तर बोटाने शोधावं असं काही नसतंच. बटणांच्या कुलपात पाचावर उंचवटा असला की भागतं, फक्त बॅटरी संपत आल्याची खूण नुसत्या लाल दिव्याने न देता आवाजानेही द्यायला हवी.

यावर एक छान तोड निघाली आहे: दिशांचं कुलूप. मास्टर लॉक कंपनीचं असं एक आहे. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा ठरलेल्या क्रमाने खुंटी सरकवायची. चुकलं तर वरची कडी दोनदा दाबायची आणि पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे कुलूप कुठल्या स्थितीत आहे हे बघावंच लागत नाही. आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आणि आपलं जुनं किल्लीचं कुलूप? ते मुळातच बोटांचं आहे. चार किल्ल्या सारख्या असतील तर आपल्या किल्लीच्या डोक्यावर कानशीने एक खाच पाडायची, झालं. आमच्या विद्यार्थ्याने तेच मागितलं. कार्यालयाने सांगितलं, "नियम सगळ्यांना सारखा." आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानलेला आहे, तेव्हा तो कायदा नव्हता. त्याने एका रविवारी बाजारातून पितळी कुलूप आणलं, आकड्यांचं काढून गादीखाली ठेवलं आणि किल्ली करदोट्याला अडकवली. वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नाही.