भुताच्या रिळाला व्हिनेगरचा वास

भूत कशाला भिते असे तुम्हांला विचारले तर कोणी लिंबू-मिरची म्हणेल, कोणी उजेड म्हणेल. सिनेमातल्या भुतापुरते बोलायचे तर उत्तर निराळे आहे. ते भूत ओलाव्याला भिते आणि त्याहून अधिक उन्हाळ्याला भिते. मे महिन्यात जामनेरला पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत पत्र्याच्या छपराखाली सिनेमाची रिळे ठेवली, तर कोणत्याही मांत्रिकाशिवाय भुताचा निकाल लागतो. हे कसे घडते, आणि अर्धमेले झालेले भूत पुन्हा पडद्यावर उभे कसे करतात, ते आज पाहू.

तुमच्या आईवडिलांना ‘रामसे बंधू’ हे नाव सांगून पाहा. बहुधा ते हसतील. फतेहचंद रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईला आले आणि पुढे सिनेमाच्या धंद्यात शिरले. त्यांना सात मुलगे. कुमार लिखाण पाही, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत. घरचीच माणसे, म्हणून खर्च कमी! १९७२ सालचा ‘दो गज जमीन के नीचे’ हा भयपट त्यांनी महाबळेश्वरला सुमारे ४० दिवसांत उरकला. १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’साठी मुरूडच्या नवाबाचा वाडा उपयोगी पडला. त्यातला राक्षस झालेले उंचपुरे अनिरुद्ध अग्रवाल हे मुळात रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंता होते, हे मला स्वतःला त्या राक्षसापेक्षा अधिक गमतीचे वाटते. १९८८ साली ‘वीराना’ आला, १९९० साली ‘बंद दरवाजा’. हे चित्रपट प्रौढांसाठीचे होते, तेव्हा तुम्ही ते लगेच पाहावेत असे मी सुचवीत नाही. आपल्याला रस आहे तो त्यांच्या फितीत.

या चित्रपटांना मानसन्मान कधी मिळाला नाही. टीकाकार नाक मुरडत. पण तालुक्याच्या गावी आणि जत्रेतल्या तंबूत ते तुडुंब चालत. पुढे व्हिडिओ आला. माझ्या शाळकरी वयात गणेशोत्सवात भाड्याने व्हीसीआर आणत, आणि एका टीव्हीपुढे सारी गल्ली बसे. त्या कॅसेटवर भूत दिसे म्हणजे काय? काळोखात काहीतरी काळे हले, एवढेच! त्यात रामसेंचा दोष नव्हता. व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावतो. भयपटातली निम्मी दृश्ये निळसर अंधारातली असतात. मूळ फितीवर त्या अंधाराच्या कितीतरी छटा असतात. कॅसेटवर त्या सगळ्या मिळून चिखल होतो.

आणखी एक गंमत पाहा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो, तर आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला २५ चित्रे दाखवी. सोपा उपाय म्हणून फीतच थोडी जलद पळवीत. मग १२० मिनिटांचा चित्रपट १२० × २४ ÷ २५, म्हणजे ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपे, आणि आवाजाची पट्टी ४ टक्क्यांनी चढे. भुताची किंकाळी मुळात होती त्याहून जराशी पातळ ऐकू येई ती यामुळे.

आता मूळ फितीकडे वळू. या काळातली फीत सेल्युलोज ॲसिटेट या पदार्थाची असते. त्याआधीची नायट्रेटची फीत भडकन पेटे. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची हजारो नायट्रेट रिळे जळाली. ॲसिटेट तशी पेटत नाही, म्हणून तिला ‘सुरक्षित फीत’ म्हणत. परंतु तिचा शत्रू आतच दडलेला असतो. हवेतील बाष्प तिच्या रेणूंवर हल्ला करते आणि त्यांतून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, बाहेर पडते. हे आम्ल त्याच विक्रियेला आणखी वेग देते. अधिक आम्ल, अधिक वेग. अधिक वेग, अधिक आम्ल! डबा उघडताच आंबूस भपकारा येतो, म्हणून या रोगाला ‘व्हिनेगर रोग’ असेच नाव पडले आहे. फीत आक्रसते, वळते आणि अखेर ठिसूळ होऊन तुकडे पडतात.

तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक विक्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट-तिप्पट होतो, हे तुम्ही पुढे शिकालच. ताजी ॲसिटेट फीत २१ अंश सेल्सिअस तापमानात आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवली, तर हा रोग बळावायला सुमारे ४० वर्षे लागतात. आपल्याकडच्या गोदामांत ती मुदत किती घटत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ‘आलम आरा’ (१९३१) या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. चांगल्या-चांगल्या चित्रपटांची ही गत, तर भुताच्या सिनेमाची रिळे वातानुकूलित खोलीत कोण ठेवणार? अनेक निर्मात्यांची रिळे चांदी काढण्यासाठी भंगारात गेली.

तरीही रामसेंची काही भुते वाचली. ‘मोंडो माकाब्रो’ नावाच्या एका लहानशा परदेशी कंपनीने त्यांचे चित्रपट आधी डीव्हीडीवर आणि पुढे दुरुस्त करून ब्लू-रे तबकड्यांवर आणले. आपल्या गल्लीत वाढलेले भूत परक्यांनी सांभाळावे, याची मला थोडी चुटपुट लागते. मुंबईत २०१४ साली स्थापन झालेल्या ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’सारख्या संस्था हे काम आपल्याकडे करीत आहेत. त्यांनी नवा केलेला ‘मंथन’ २०२४ साली कान महोत्सवात दाखवला गेला. परंतु ‘मंथन’साठी हळहळणारी माणसे असतात; ‘वीराना’साठी फारशी नसतात.

दुरुस्ती करतात ती अशी. प्रथम मूळ निगेटिव्ह शोधायची, कारण प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी तपशील गळतो. मग ती धुऊन, फाटलेली भोके सांधून, एकेक चित्राचे संगणकीय छायांकन करायचे. जुन्या प्रक्षेपकाचे दाते आक्रसलेल्या फितीच्या भोकांत बसत नाहीत, म्हणून नव्या यंत्रांत दातेच नसतात. भोके प्रकाशाच्या साहाय्याने ओळखली जातात. थोडा हिशेब करू. दोन तासांच्या चित्रपटात १२० × ६० × २४, म्हणजे १,७२,८०० चित्रे असतात. प्रत्येक चित्राचे २०४८ × १५५६, म्हणजे सुमारे ३२ लाख ठिपके करतात. ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एका चित्राला पावणेतेरा मेगाबाइट आणि सगळ्या चित्रपटाला सुमारे २.२ टेराबाइट जागा लागते.

त्यानंतर रंग. रंगीत फितीत पिवळा, किरमिजी आणि मोरपंखी अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. ते सारख्या वेगाने विटत नाहीत. जुन्या प्रतींत मोरपंखी थर आधी विटतो, म्हणून जुना सिनेमा गुलाबी दिसतो आणि भुताच्या रात्रीची पहाट होते! संगणकावर प्रत्येक थर वेगळा करून त्याचा जोर वाढवता येतो. मात्र जेथे रंग पूर्णच गेला आहे, तेथे जोर कशाचा वाढवणार?

धूळ आणि ओरखडे काढण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे. संगणक एक चित्र घेतो आणि त्याची मागच्या व पुढच्या चित्राशी तुलना करतो. एखादा ठिपका फक्त मधल्याच चित्रात असेल तर ती धूळ. ती पुसायची आणि शेजारच्या चित्रांतला भाग तेथे भरायचा. तर्क बिनचूक वाटतो ना? आता भयपटाचा विचार करा. वीज चमकते ती एखाद-दुसऱ्या चित्रापुरती, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरती. पावसाचा थेंब, ठिणगी, झर्रकन गेलेले वटवाघूळ यांचेही तसेच. संगणकाच्या मते हा सगळा कचराच! एका गाफील रात्री तो अख्खे वादळ पुसून टाकील. म्हणून शेवटी माणसाला बसावेच लागते, चित्रामागून चित्र पाहत.

आणि त्या माणसापुढे खरा पेच येतो. वटवाघळाला बांधलेली तार जुन्या अंधूक प्रतीत दिसत नसे. नव्या स्वच्छ चित्रात ती लख्ख दिसते. ती पुसावी का? माझ्या मते पुसू नये. तार हा त्या चित्रपटाचा इतिहास आहे. कमी पैशांत भीती कशी बनवली हे तीच सांगते. फितीचा मूळचा रवाही घासून काढू नये. तो काढला की चेहरे मेणाचे होतात.

हे सारे घरी पोहोचते तबकडीवरून. डीव्हीडी वाचणारा लेसर ६५० नॅनोमीटरचा, तर ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा. तरंगलांबी कमी, म्हणून प्रकाशाचा ठिपका बारीक, भिंगही अधिक प्रभावी (०.६ ऐवजी ०.८५). ६५० ÷ ०.६ याला ४०५ ÷ ०.८५ याने भागा: उत्तर सुमारे २.२७ येते. क्षेत्रफळासाठी त्याचा वर्ग करा, ५.२ च्या आसपास येईल. आता क्षमता पाहा: ४.७ गीगाबाइट आणि २५ गीगाबाइट, म्हणजे सुमारे ५.३ पट. प्रकाशशास्त्राचे हे सूत्र इतके सरळ दुकानात विकायला ठेवलेले दुसरीकडे क्वचितच सापडेल.

तुमच्या घरातही कदाचित असे रीळ असेल. जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह शोधा आणि हुंगून पाहा. आंबूस वास आला तर निळा लिटमस कागद किंचित ओला करून डब्यात जवळ धरा. फितीला तो लावू नका. तो लाल झाला तर आम्ल सुटत आहे. अशा निगेटिव्ह हवाबंद डब्यात कोंडू नका, कारण आम्ल आतच साचून रोग वाढेल. चांगल्या निगेटिव्हपासून त्या वेगळ्या, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि लवकर त्यांचे छायांकन करून घ्या. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची गोष्ट निराळी. तिची पट्टी पॉलिएस्टरची असते, तिला व्हिनेगर रोग होत नाही. पण चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप ओल धरून चिकट होतो, आणि बुरशीही लागते. बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका, यंत्र आणि त्यात नंतर घातलेली प्रत्येक कॅसेट बिघडेल. मात्र दुरुस्त करून घ्यायला फार उशीरही करू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ सालीच ते बनवणे थांबवले आहे.