कोडिंग इंटरव्ह्यूची पहिली पाच मिनिटं

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत प्रश्न आला: ॲरेमधल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते? पाठच होता की! लगेच हॅशमॅप टाइप केला, तोंडातून शब्द नाही. रिजेक्ट. आता मी स्वतः इंटरव्ह्यू घेते, तेव्हा कळतं काय चुकलं ते. ॲरे सॉर्टेड आहे का, संख्या रिपीट होतात का, जोडी सापडलीच नाही तर काय परत करायचं, हे आधी विचारा ना! सॉर्टेड असेल तर दोन पॉइंटरमध्ये काम होतं, हॅशमॅपची जादा मेमरी लागतच नाही. मग दोन लूपची साधी पद्धत सांगा, ती मोठ्या ॲरेवर का रेंगाळते ते बोला, मगच कीबोर्डला हात. अडलात तरी बोलत राहा. गप्प बसलेल्याला हिंट कुठे द्यायची तेच मला कळत नाही. आणि हो, कॉलआधी माइक तपासा.